‘ओपन होत नाही’ म्हणजे नेमकं काय रे?

शनिवारी संध्याकाळी मी चाळीत आले ती न सांगता आले. दुसऱ्या मजल्यावर जिना संपतो तिथे गॅलरीच्या कठड्याला तुम्ही दोरीने सीडी टांगल्या आहेत, कबुतरं येऊ नयेत म्हणून. सात आहेत, मी मोजल्या. वाऱ्यावर गरगर फिरत होत्या. एक हाताने धरून थांबवली, तर तिच्यावर हिरव्या मार्करने लिहिलेलं: ‘विसर्जन २००३, भाग २’. अक्षर ओळखलं मी. खिडकीजवळचा तिसरा बाक. त्या अक्षराला मी सुलेखनात दहापैकी नऊ गुण दिले होते.

त्या अक्षराचा धनी आज मंडळाचा सेक्रेटरी आहे. त्याने मला खाली ऑफिसात नेलं, खुर्ची दिली, चहा मागवला आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे सरकवला. म्हणाला, “बाई, यातलं काही ओपनच होत नाही. पुढच्या महिन्यात खोल्या रिकाम्या करायच्यात. टाकून देऊ ना?”

तिथे लहान मुलं नाचाची तालीम करत होती. त्यांच्यासमोर त्यांच्या दादाला बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी डबा उचलला आणि घरी आले. आता बोलते. आणि हे एकट्या सेक्रेटरीसाठी नाही. कमिटीतल्या सगळ्यांनी वाचा. तुमच्यातले निम्मे माझ्या हाताखालून गेलेले आहेत आणि बाकीच्यांना मी ओळखते.

‘ओपन होत नाही’ म्हणजे नेमकं काय होत नाही? केईएमच्या ओपीडीत जाऊन नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हणालात तर डॉक्टर विचारतील ना, कुठे दुखतं, कधीपासून, ताप आहे का? मग इथे एवढाही प्रश्न तुम्हाला पडला नाही? वस्तूच खराब झाली आहे, की वस्तू चांगली आहे पण ती वाचणारं यंत्र आपल्याकडे नाही, की यंत्र आहे पण फाइल कसली आहे ते संगणकाला कळत नाही, हे तीन अगदी वेगळे आजार आहेत. तिघांचं औषध वेगळं आहे. तुम्ही नाडीसुद्धा न बघता तिरडी बांधायला घेतलीत.

मी काय केलं ते सांगते, म्हणजे काय करायला हवं होतं ते कळेल. डब्यात एकतीस फ्लॉप्या होत्या. लॅमिंग्टन रोडवरून यूएसबीला लागणारा फ्लॉपी ड्राइव्ह आणला. प्रत्येक फ्लॉपीच्या कोपऱ्यातली ती सरकणारी पट्टी आधी सरकवली, भोक उघडं दिसेल अशी, म्हणजे संगणकाला तिच्यावर काही लिहिता येत नाही. मग एकेक आत घातली. आतल्या फाइलींची नावं बघूनच कळलं की हे सोनीच्या माविका कॅमेऱ्यातले फोटो आहेत. १९९७ मध्ये आलेला तो कॅमेरा फोटो थेट साडेतीन इंची फ्लॉपीवरच उतरवायचा. प्रत्येक फोटोच्या दोन फाइली. एकीचं शेपूट ‘.४११’, दुसरीचं ‘.जेपीजी’. नावांच्या क्रमाने ४११ आधी लागते. ती म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दाखवायची नखाएवढी छबी, आजचा संगणक ती ओळखत नाही. तुम्ही पहिल्याच फाइलवर क्लिक केलंत, ती उघडली नाही आणि डबा बंद केलात. खरा फोटो तिच्या लगतच्या ओळीत होता. एक ओळ खाली! परीक्षेत पहिला प्रश्न आला नाही म्हणून कोरी उत्तरपत्रिका देऊन बाहेर पडणाऱ्या मुलाला मी काय म्हणत असे, आठवतं ना?

त्या जेपीजींना काहीही करायची गरज नाही. जेपेगचं प्रमाण १९९२ चं आहे आणि ते आजही सगळीकडे उघडतं. ६४० बाय ४८० चे फोटो आहेत, आजच्या मानाने लहान, पण चेहरे ओळखू येतात. एकतीसपैकी चोवीस फ्लॉप्या सरळ वाचल्या गेल्या. पाच अडखळल्या, त्यांतल्या तीन दुसऱ्या ड्राइव्हमध्ये चालल्या.

आणि दोन कोऱ्या निघाल्या. त्यांच्यावर ‘दहीहंडी ९९’ आणि ‘जिमखाना’ असं लिहिलेलं आहे. कोऱ्या का, तेही मला ठाऊक आहे. फ्लॉपी नीट वाचता आली नाही की विंडोज विचारतं, फॉरमॅट करायची का? तुमच्यापैकी कुणीतरी ‘हो’ म्हटलं. प्रश्न न वाचता उत्तर दिलं. मी तुमच्याकडून आठ वर्षं एकच गोष्ट घोकून घेत होते, प्रश्न दोनदा वाचा. त्या दोन फ्लॉप्या मी वेगळ्या पाकिटात ठेवल्या आहेत, जाणकाराला दाखवीन, काही परत मिळालं तर मिळालं. त्यांना आता कुणीही हात लावायचा नाही.

गॅलरीतल्या सीडींचं मात्र मला जास्त लागलं. घरी लिहिलेल्या सीडीत माहिती असते ती एका रंगाच्या पातळ थरात. लेझर त्या रंगावर खुणा करतो, तेच तुमचे फोटो. ऊन हा त्या रंगाचा पहिला वैरी. शिवाय तो थर वरच्या, नाव लिहायच्या बाजूला लागून असतो. त्याच्यावर नुसता लाखेसारखा पापुद्रा. चकचकीत बाजूला ओरखडा गेला तर पुष्कळदा निभावतं, वरचा पापुद्रा सुटला की तिथलं चित्र गेलं. तुम्ही तिला भोक पाडून सुतळी ओवलीत, दोन पावसाळे भिजवलीत. सातपैकी चार सीडींना असं भोक पाडलेलं नाही, मधल्या छिद्रातून नुसता फास आहे. त्या मी सोडवून आणल्या. मऊ कापडाने मधून कडेकडे पुसल्या. गोल गोल पुसायचं नसतं. मग एकेक सीडी अख्खी जशीच्या तशी संगणकावर उतरवून घेतली. फोटो निवडत बसायचं नाही, आधी सगळं उचलायचं. तिघींचं झालं. चौथीसाठी शेजारच्या मुलाचा जुना ड्राइव्ह मागितला आहे.

आता डब्यात निघालेल्या सोनेरी डिस्कचं. हिच्याविषयी तुमचा गुन्हा वेगळा आहे आणि माझ्या मते जास्त मोठा. ही कोडॅकची फोटो सीडी आहे. १९९२ मध्ये कोडॅकने हा प्रकार आणला. निगेटिव्ह द्यायची, ते स्कॅन करून सोनेरी तबकडीवर देत, शंभरेक फोटो एका तबकडीवर. आपल्या चाळीतला न्यू जर्सीला गेलेला मुलगा १९९६ मध्ये इथल्या निगेटिव्ह बरोबर घेऊन गेला आणि पुढच्या गणपतीत ही डिस्क घेऊन आला. त्याच्या वडिलांनी ती देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली होती. फाइलींचं शेपूट पीसीडी. पुढे कोडॅकनेच तो प्रकार सोडला. २०१२ च्या जानेवारीत तर ती कंपनी दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोचली. फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्यांनीही पीसीडीचा नाद सोडला.

तुमच्यातल्या एकाने ही डिस्क उघडली. शाबास, त्याने निदान प्रयत्न केला. कुठलंतरी सॉफ्टवेअर उतरवलं, सगळे फोटो जेपीजी केले, ग्रुपवर टाकले आणि डिस्कवर पेनाने लिहिलं, ‘डन’. म्हणजे आता ही टाकायला मोकळी.

अरे, त्या प्रत्येक पीसीडी फाइलीत एकच फोटो पाच आकारांत असतो. सगळ्यांत लहान १९२ बाय १२८, मधला ७६८ बाय ५१२, सगळ्यांत मोठा ३०७२ बाय २०४८. पुष्कळ सॉफ्टवेअर तुम्ही वेगळं सांगितलं नाही तर मधला आकार काढून देतात आणि गप्प बसतात. इमेजमॅजिक तसंच करतं. इरफानव्ह्यूला प्लगइन लागतं आणि सेटिंगमध्ये जाऊन आकार निवडावा लागतो. गुणाकार करून पाहा, मोठ्या फोटोत मधल्याच्या सोळापट ठिपके आहेत. रुपयातला एक आणा हातात घेऊन पंधरा आणे तुम्ही भंगारात टाकायला निघाला होतात, आणि वर ‘डन’ लिहिलंत.

आणखी एक आहे. कोडॅकने या फाइलींत रंग साठवायची रीत स्वतःची ठेवली होती. पांढऱ्याच्याही पलीकडचा उजेड तिच्यात राखून ठेवलेला असतो. साध्या रूपांतरात तो कापला जातो आणि पांढरं होतं ते सपाट, भाजल्यासारखं पांढरं. पीसीडीटूजेपेग नावाचा छोटा प्रोग्राम आहे, तो हे नीट सांभाळतो. त्याने काढलेला आणि तुमचा, असे दोन्ही फोटो मी शेजारी शेजारी लावले. कबड्डीचा संघ, मागे गिरणीची चिमणी, कडेला पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ. तुमच्या फोटोत त्यांच्या गळ्याखाली नुसतं चुन्याचा फटका मारल्यासारखं पांढरं ठिगळ आहे. मोठ्या फोटोत सदऱ्याच्या चुण्या दिसतात. खिशाला शाईचं पेन आहे, टोपणाची पितळी पट्टी चकाकते आहे. पेनाच्या मागे गिरणीचा पास आहे, त्याचा दुमडलेला कोपरा खिशाबाहेर आला आहे. दुसरं बटण तुटलेलं आहे आणि तिथे सेफ्टी पिन लावली आहे.

सेक्रेटरीसाहेब, ते तुमचे वडील आहेत. साचेखात्यात होते, संघाचे मॅनेजर होते, आणि संपानंतर गिरणी रडतखडत चालत होती तेव्हाही ते तो पास खिशात घेऊन हिंडायचे. तुमच्या घरात भिंतीवर त्यांचा जो फोटो आहे तो ओळखपत्रावरून मोठा केलेला, ताठ, घाबरलेला. या फोटोत ते हसताहेत. त्यांच्या खांद्यावर साताठ वर्षांचा एक पोरगा बसला आहे आणि त्याने त्यांचे केस धरले आहेत. आता सांगा, टाकून देऊ ना?

मी एवढी का चिडले आहे ते कळावं म्हणून एक हिशेब मांडते. या चाळीत साठ-सत्तर सालचे फोटो आहेत. काळे-पांढरे, काळ्या कागदाच्या अल्बममध्ये, कोपऱ्याला चिकटवलेले. ते उघडायला दोन बोटं पुरतात. आजचे फोटो तुमच्या फोनमध्ये हजारांनी आहेत. मधली दहा-पंधरा वर्षं कुठे आहेत? साधारण १९९५ ते २००८. ती फ्लॉपीत, सीडीत, मेमरी कार्डात आणि असल्या शेपटांच्या फाइलींत अडकली आहेत. आणि नेमक्या त्याच वर्षांत लालबाग-परळ होतं तसं राहिलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला ते आपण पाठ्यपुस्तकाबाहेर शिकलो. पण गिरण्यांच्या भिंती पडताना, चिमण्या उतरताना, भोंगे बंद झाल्यावर नाक्यावर बसलेली माणसं, पहिला मॉल, पहिला टॉवर, हे सगळं ज्या वर्षांत झालं ती वर्षं फोटोत धरली गेली ती याच डब्यात. गिरणगावाचा सगळ्यांत मोठा बदल सगळ्यांत कच्च्या पेटीत ठेवला गेला. तुमच्या मुलाने उद्या विचारलं, बाबा, इथे काय होतं, तर तुम्ही त्याला काय दाखवणार?

‘बाई, एवढं काय, फोटोच तर आहेत’ असं एक जण म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं आहे. मग ऐका. १४ मार्च १९३१ ला गिरगावात मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला, हिंदुस्थानातला पहिला बोलपट. आज त्याची एकही प्रत नाही. फोटो आहेत, जाहिराती आहेत, चित्रपट नाही. दादरला फाळक्यांनी घडवलेला आणि ३ मे १९१३ ला गिरगावातच कॉरोनेशनमध्ये झळकलेला ‘राजा हरिश्चंद्र’ही आपल्याकडे अख्खा उरलेला नाही. त्या वेळीही कुणीतरी म्हणालंच असेल, रिळंच तर आहेत, जागा अडते.

इतिहासाचार्य राजवाड्यांची गोष्ट मी तुम्हाला नववीत सांगितली होती. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ चा, पुढे बावीस झाले. त्यासाठी तो माणूस गावोगाव, वाड्यावाड्यांतून हिंडला. माळ्यावर दप्तरं पडलेली असत, उंदरांनी कुरतडलेली, वाळवी लागलेली, आणि घरच्यांना त्यांचं काही वाटत नसे. आजही मोडी येणारी माणसं थोडी आहेत, म्हणून कुणी म्हणत नाही की मोडीतले कागद खराब झाले. लिपी शिकायची असते. कागद जपायचा असतो आणि वाचणारा शोधायचा असतो. पीसीडी ही एक लिपीच आहे. ती वाचणारे आहेत, फुकट वाचून देणारे प्रोग्राम आहेत. त्यांची संख्या वाढणार नाही, दर वर्षी कमीच होणार. म्हणून घाई.

लिपीवरून आठवलं. १९९३ ते २००६ च्या स्मरणिकांच्या फाइली एका सीडीवर आहेत, ती तुम्ही ‘करप्ट’ म्हणून बाजूला काढली होती. ती करप्ट नाही. त्या फाइली पेजमेकरच्या आहेत. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, २००१ ची. तिच्या फाइली इनडिझाइन सीएस सहापर्यंत उघडतात, पुढच्या आवृत्त्या उघडत नाहीत. दादर-गिरगावातल्या जुन्या डीटीपीवाल्यांकडे पेजमेकर असलेला जुना संगणक अजून सापडतो, विचारायला पाय उचलावे लागतात. मी विचारलं. फाइल उघडली, फोटो होते, पण खालची अक्षरं सगळी इंग्रजी चिन्हांचा कचरा. डीटीपीवाल्या काकांनी एका नजरेत ओळखलं, “बाई, हा सुरेख फाँट.” युनिकोड घराघरांत पोचण्याआधी सुरेख, श्री-लिपी, आकृती, किरण असे ज्याचे त्याचे फाँट होते. इंग्रजी अक्षरांच्या जागी त्यांनी मराठी अक्षरांचे आकार बसवले होते, आणि प्रत्येकाची बसवायची पद्धत निराळी. फाँट घातला की मराठी दिसतं, नसला की कचरा. कुठला फाँट ते कळलं की मजकूर युनिकोडमध्ये बदलता येतो. काकांनी दहा मिनिटांत बदलून दिला. त्या कचऱ्यातून काय बाहेर आलं माहीत आहे? नावं. ‘डावीकडून उभे’ आणि मग सोळा जणांची नावं, आडनावांसकट, खोली नंबरांसकट. नावांशिवाय फोटो म्हणजे अनोळखी माणसांची गर्दी. तुम्ही ती यादीच फेकून देणार होतात.

आता काय करायचं ते सांगते, आणि हे विनंती म्हणून सांगत नाही. मूळ वस्तू, फ्लॉपी असो, सीडी असो, कार्ड असो, एकही टाकायची नाही, रूपांतर झाल्यावरसुद्धा. शेपटावर विश्वास ठेवायचा नाही. कुणी नाव बदलताना ते उडवलेलं असतं, चुकीचं लावलेलं असतं. न उघडणारी फाइल नोटपॅडमध्ये टाका. सुरुवातीलाच ‘जेएफआयएफ’ किंवा ‘एक्झिफ’ ही अक्षरं दिसली तर ती जेपेग आहे, ‘बीएम’ने सुरू झाली तर बिटमॅप, ‘आयआय’ किंवा ‘एमएम’ दिसलं तर बहुधा टिफ. बघा आणि बंद करा, सेव्ह करायचं नाही. जे जेपेग आहे ते जसं आहे तसं राहू द्या. उघडून पुन्हा पुन्हा सेव्ह केलं की दर वेळी थोडं झिजतं. जे परक्या लिपीत आहे, पीसीडी, जुन्या कोडॅक कॅमेऱ्यांचं केडीसी, ते मोठ्यात मोठ्या आकारात टिफ करून ठेवा. ग्रुपवर पाठवायला लहान प्रत वेगळी काढा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो ही मूळ प्रत नव्हे. तो वाटेतच आक्रसतो आणि कधी काढला ती तारीखही गाळून येतो. ‘सगळं ऑर्कुटवर टाकलेलं होतं’ असं म्हणणाऱ्याला सांगते, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. दुसऱ्याच्या माळ्यावर ठेवलेली ट्रंक आपली राहत नाही.

पुनर्विकासाच्या कागदांवर सह्या करताना कार्पेट एरियाच्या चौरस फुटासाठी तुम्ही तीन वकील गाठलेत, ते बरोबरच केलंत. या डब्यासाठी एक रविवार द्या.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता ऑफिसात जमायचं. ज्यांच्या घरी जुने कॅमेरे, कार्डं, बंद पडलेले संगणक आहेत त्यांनी ते तसेच आणायचे, चालू करून बघायचं नाही. गॅलरीतल्या उरलेल्या तीन सीडी सेक्रेटरीने स्वतः सोडवायच्या. दोन लॅपटॉप मी आणते, तिसरा तुम्ही आणा. आणि दोघांनी आधी तिसऱ्या मजल्यावर जाऊन टोकाच्या खोलीतल्या आजींना हाताला धरून खाली आणायचं, वर्षअखेरीपर्यंत त्या मुलीकडे विरारला जाणार आहेत. कबड्डीच्या फोटोतले पाच चेहरे मला ओळखता आले नाहीत, त्यांना येतील. त्यांचा लांबचा चष्मा नको, जवळचा आणा. शंभर पानी वही आणि पेन्सिल घेऊन कुणीतरी त्यांच्या उजव्या बाजूला बसा, डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही.